तीन भेटींत बंद

गावपळण यंदा किती तारखेला, असं सायलीने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं आणि माझा आवाज चढला. देवाने कौल दिल्याशिवाय तारीख ठरत नाही, हे तिला आधी दोनदा सांगून झालं होतं. "मला कळतंय हो, मॅडम," ती म्हणाली, "पण तो रकाना भरल्याशिवाय फॉर्मचं पुढचं पान उघडतच नाही." सायली शहरातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, याच गावात जन्मलेली आणि नोकरी संपल्यावर याच गावात परत आलेली, म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी तिला माझ्या गळ्यात घातलं. आमच्या ग्रामदेवतेला दोन महिने आधी लेखी कळवायची सवय नाही, हे मी संशोधनाला परवानगी देणाऱ्या त्यांच्या समितीला कुठल्या शब्दांत समजावणार? शेवटी तिने अंदाजाने तारखा टाकल्या आणि पान उघडलं.

ज्यांना गावपळण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणच्या आसपासची काही गावं दर तीन-चार वर्षांनी, मार्गशीर्षाच्या सुमाराला, तीन दिवस रिकामी होतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. आमच्याकडे चौथ्या दिवशी देवळाचा बाबी गुरव आणि चार मानकरी तेवढे देवळात जाऊन कौल लावतात. पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर गाव घरी परततं, डावीकडून पडली तर मुक्काम वाढतो. हे असं का करता, असं विचाराल तर प्रत्येक घरात वेगळं कारण मिळेल, आणि विचारायला येणाऱ्यांची आमच्याकडे कधीच वानवा नव्हती. गावाचं नाव मी सांगत नाही. आमच्या पेशात सांगत नाहीत. 'गाव क' असं लिहितात, आणि मग खाडीचं, देवळाचं आणि सरपंचाच्या मिशांचं असं वर्णन करतात की नवीन पोस्टमनसुद्धा पत्ता चुकणार नाही.

यंदाही नगारा वाजला आणि मी घराला कडी घातली. वेशीबाहेरच्या काजूच्या बागेत राहुट्या पडल्या होत्या. भिंती माडाच्या चुडतांच्या, वर निळी ताडपत्री. पूर्वी वर गवत असायचं, तेवढाच फरक. भात झोडून झालेलं, गवताची कुसं अजून कपड्यांना टोचतात, काजूला मोहोर फुटायच्या बेतात. पहाटे दंव इतकं पडतं की ताडपत्रीवरून टिपटिप चालू असते. तीन दगडांच्या चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटते, निखाऱ्यावर सुका बांगडा भाजला जातो आणि त्या वासाने सगळ्या बागेतली मांजरं एका राहुटीपाशी जमतात. शेजारच्यांचं भांडण आणि भजन दोन्ही आपल्याला ऐकू येतं. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नसतं त्यांच्या चुलीवर आपला चहा उकळतो.

गाव आतून बघायचं असेल तर याहून चांगले तीन दिवस मिळायचे नाहीत. कोण कुणाच्या शेजारी राहुटी टाकतो, म्हाताऱ्या माणसाचं गाठोडं कोण उचलतो, कुणाच्या पेजेची चव बघायला कुणाला बोलावणं येत नाही, सगळं उघड्यावर. आणि आमचं शास्त्र नेमकं याच दिवसांत गावातल्या बंद दारापुढे जाऊन उभं राहतं.

मी स्वतः तशी उभी राहिले तेव्हा पंचविशीत होते. ती गावपळण मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. दरवेळी काजूच्या बागेत पहिलं लाकूड पेटलं की तो धूर नाकात जातो आणि माझ्या मांडीवर पुन्हा तो फॉर्मांचा गठ्ठा येऊन बसतो. जाड पिवळट कागद, सायक्लोस्टाइलची शाई, हाताला काळं लागायचं. माझ्या तेव्हाच्या सरांचा आकड्यांवर फार विश्वास. संशोधक म्हणजे तापमापक, असं ते म्हणायचे. तापमापक रोग्याशी गप्पा मारत नाही. त्यांनी आम्हाला सूचनांची एक पुस्तिका दिली होती आणि मी ती पाठ केली होती. उत्तर देणाऱ्याच्या घरचा चहा घेऊ नये, मन कलतं. मुलाखत घराच्या दाराशीच घ्यावी, अन्यत्र घेतलेली ग्राह्य नाही. तीन भेटींत घर बंद आढळल्यास 'बंद' अशी नोंद करून यादीतून वगळावे.

सर्वेक्षणाची पहिली भेट नेमकी गावपळणीच्या दिवशी आली. मी सरांना पत्र टाकलं, आठवडाभर पुढे ढकलू का म्हणून. उत्तराचं कार्ड आलं, वेळापत्रक सर्व गावांना समान आहे. दुसऱ्या कुठल्या गावातली पोर असती तर तिने एक फेरी मारून बघितलं असतं, गडबड काय आहे ते विचारलं असतं. मी गावचीच. गावपळणीत आत पाऊल टाकायचं नसतं हे मला ठाऊक, आणि घरं बंद आहेत हेही ठाऊक. म्हणून मी वेशीवरच्या पोवळीवर, दगडी कठड्यावर बसून अख्ख्या गावापुढे 'बंद' लिहिलं. एकही अक्षर खोटं नव्हतं. ज्यांच्या घरापुढे मी ते लिहीत होते ती माणसं माझ्या मागे फुगड्या घालत होती.

दुसऱ्या भेटीत सगळं गाव घरी परतलेलं होतं आणि मी दारोदार फिरून फॉर्म नीट भरले. राहिलं एकच घर, वरच्या अंगाचं, तारामावशीचं. तारामावशी माझी सख्खी कुणी नव्हे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक गाय आणि थोडे काजू यांवर एकटी राहणारी बाई. ती गाय गावपळणीच्या शेवटच्या दिवशी राहुटीतच व्याली. वासरू अशक्त, उभं राहीना. त्याला वर घरापर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून गाव परतलं तरी तारामावशी काजूच्या बागेत मागे राहिली, चांगले दहा-बारा दिवस.

एस.टी.च्या थांब्यावर जायची माझी वाट त्या बागेतूनच. रोज मी तिच्याकडे टेकायचे. ती गुळाचा चहा करायची आणि मी पुस्तिका गुंडाळून ठेवून तो प्यायचे. वासराच्या अंगाला ती तेल चोळायची, बोट बुडवून त्याला दूध चाटवायची, आणि मी शेजारी बसून दिवसाचे फॉर्म तपासायचे. तिच्याविषयी मला सगळं ठाऊक आहे असं मला वाटायचं. काय खाते, किती कमावते, कुणाशी बोलत नाही, सगळं. फक्त ती तिच्या घराच्या दाराशी नव्हती. दुसऱ्या भेटीच्या रकान्यात मी तिच्याच राहुटीत बसून 'बंद' लिहिलं. ती वाकून म्हणाली, "काय लिवतंस गो इतक्या?" मी म्हटलं, "कामाचा, मावशी." चार दिवसांनी तिसरी भेट आली. तेव्हाही मी तिच्या हातचा चहा खाली ठेवून 'बंद' लिहिलं आणि घर यादीतून वगळलं.

सरांनी माझे फॉर्म सगळ्या वर्गाला दाखवले. एवढे स्वच्छ फॉर्म त्यांनी पाहिले नव्हते. मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

अहवाल छापला गेला, मला नोकरी लागली. नंतर काही वर्षांनी गावात नळ यायचे ठरले तेव्हा पंचायतीत कुणाला तरी आमचा अहवाल सापडला. घरांची यादी आयती छापलेली, पुन्हा कोण मोजत बसणार? पाइप वरच्या अंगाच्या फणसापर्यंत आला आणि तिथे थांबला, कारण फणसाच्या पुढे यादीत घर नव्हतं. तारामावशी पुढे नऊ वर्षं व्हाळाजवळच्या बावीवरून, म्हणजे ओढ्याकाठच्या विहिरीवरून, पाणी वर नेत होती, एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. सुट्टीत गावी गेले की ती मला त्या चढावर भेटायची. थांबायची, हंडा न उतरवताच आईची चौकशी करायची. मी पंचायतीला अर्ज केले, खेपा घातल्या, शेवटी नळ आला. तिला वाटलं ही शालू, म्हणजे मी, शिकली-सवरली, किती धडपड केली आपल्यासाठी. मी तिला तसं वाटू दिलं. माझ्या हातून आयुष्यात झालेल्या गोष्टींत याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दरम्यान आमच्या शास्त्रात क्रांत्या होत होत्या. मी अजून नोकरीत रुळते आहे तोवर सरांनीच जाहीर केलं की आकड्यांनी माणूस कळत नाही. ज्यांनी मला तापमापक व्हायला शिकवलं तेच आता तापमापकाची टिंगल करत होते, तीही त्याच खणखणीत आवाजात. मी टिपणं फाडली, नवीन काढली. आता प्रश्न विचारायचे नाहीत, माणसाला बोलू द्यायचं. टेपरेकॉर्डर घेतलेली पोरं गावात आली. त्यांतला एक तारामावशीला म्हणाला, तुमच्या जीवनातला संघर्ष सांगा. तिने माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "ह्येका काय होया गो? रडाचा आसा काय?" मग ती थोडं रडली. पोरगा खूश होऊन गेला.

पुढे ते मागे पडलं आणि गावानेच गावाचा अभ्यास करायचं निघालं. देवळासमोर रांगोळीने नकाशा काढायचा. तारामावशीने त्यात बाव काढली ती देवळापेक्षा मोठी. नळ यायच्या आधीची ही गोष्ट. बरोबर आलेली मुलगी भारावून म्हणाली, किती बोलकं प्रतीक आहे. प्रतीक कसलं, बाई? रोज दोन खेपा घालणाऱ्या माणसाला बाव तेवढीच दिसते. मग एक काळ असा आला की संशोधकाने आधी स्वतःविषयी लिहायचं. मी तपासायला घेतलेल्या एका प्रबंधात लेखकाचं बालपण, लेखकाची जात, लेखकाचं अवघडलेपण यांची सत्तर पानं होती आणि ज्या गावात तो राहिला त्याची अकरा. वाचून मी हात टेकले. आणि आता ॲप. प्रत्येक वेळी नवे लोक सांगायला येतात की आधीचे चुकले, आणि वैताग असा की त्यांचं म्हणणं दरवेळी खरं असतं. आधीचे चुकलेलेच असतात. माझा राग बदलण्यावर नाहीच. माझा राग त्या खणखणीत आवाजावर आहे, जो एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जशाचा तसा जातो. पद्धत चुकली तर चुकते, पण तिच्यापुढे समोर बसलेलं माणूस दिसेनासं होतं आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, याला काय म्हणायचं?

सायली गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी आली, पाठीवर सॅक, हातात फोन. गुणी मुलगी आहे. आल्या आल्या तिने माझ्या राहुटीची लोंबणारी ताडपत्री बांधली. तिच्या यादीतल्या आसपासच्या गावांतल्या बायकांच्या मुलाखती करून झाल्या होत्या, आमच्या गावातली एकच राहिली होती. तारामावशी. ऐंशीच्या घरात आलेली, गुडघ्यांनी पुरती धरलेली. दोन पोरांनी तिला खुर्चीत बसवून बागेत आणलं होतं. सायलीची यादी पुढे तालुक्याच्या फिरत्या दवाखान्याला जायची होती. गाडी कुठल्या दारापर्यंत न्यायची ते त्यावरून ठरणार होतं. म्हणजे या नावाला महत्त्व होतं, निदान तारामावशीच्या गुडघ्यांना तरी.

आम्ही दोघी तिच्या राहुटीत गेलो. सायलीने फोनवर नाव उघडलं आणि तिचा चेहरा पडला. फोन म्हणत होता, तुम्ही घराच्या ठिकाणापासून दूर आहात. कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून, वरून काढलेल्या चित्रात तारामावशीच्या कौलांवर खूण केली होती, आणि त्या खुणेजवळ गेल्याशिवाय फोन एकही प्रश्न विचारू देत नव्हता. मी विचारलं, "नाहीच झालं तर?" सायली म्हणाली, "तीन प्रयत्न असतात, मॅडम. मग नाव आपोआप गळतं आणि ॲप दुसरं सुचवतं." हातातला कप मी खाली ठेवला. माझ्या पुस्तिकेतली सूचना कागदातून निघून फोनात जाऊन बसली होती, आकडासुद्धा न बदलता.

तिसऱ्या दिवशी दुसरा प्रयत्न, पुन्हा तेच. चौथ्या दिवशी समितीच्या परवानगीची मुदत संपत होती. सकाळी कौल झाला की तारामावशीला खुर्चीतून घरी नेऊ, दाराशी बसवू आणि फोनचं समाधान करू, असं आम्ही ठरवलं होतं. लोकांनी गाठोडी बांधली होती, गुरं सोडून तयार होती. बाबी गुरव देवळातून परत आला तो मान हलवतच. पाकळी डावीकडून पडली होती. सायली रडवेली झाली. बाबी मात्र शांतपणे पायावरची धूळ झटकत म्हणाला, "देव चुकणा नाय. आमी इचारला ताच चुकला आसतला. दुपारी दुसऱ्या तऱ्हेन इचारून बघतंव."

इतकी वर्षं हे वाक्य मी ऐकत आले, त्या दिवशी ते मला लागलं. बाबी सातवीपर्यंत शिकलेला. त्याच्या पद्धतीवर माझा विश्वास आहे असं नाही. पण उत्तर आडवं आलं की आधी स्वतःचा प्रश्न तपासायचा, एवढं तरी तो करतो. आम्ही पदव्या घेतलेले, आम्ही समोरच्या माणसालाच यादीतून काढतो.

दुपारच्या कौलावर विसंबून राहण्याचं धाडस नव्हतं, म्हणून सायलीने मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. पर्यायी नाव घे, पद्धतीत बसवायला हवं, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन हिसकावून घ्यावा आणि त्यांना या बागेत, या चुलीसमोर, या बाईच्या सुजलेल्या पायांपाशी आणून बसवावं असं वाटलं. पण हिसकावून बोलणार काय होते मी? हेच सगळं करून मी वर्गात पहिली आले होते.

मी सायलीला एवढंच म्हटलं, "फोन सॅकेत टाक. वही काढ. दवाखान्याकडे मी स्वतः कागद घेऊन जाईन, माझ्या सहीने. तुझे सर मान्य करतील की नाही ते मला माहीत नाही." तिचं वर्ष त्या फोनात अडकलेलं होतं, मला कळत होतं. मग तिने फोन ठेवला आणि वही काढली.

तारामावशीच्या राहुटीत ऊन तिरकं आलं होतं. चुलीवर चहा होता, तोच गुळाचा. ती खुर्चीत, सायली पुढ्यात जमिनीवर, मी बाजूला ओंडक्यावर. मी मनाशी ठरवून आले होते की सायलीचं झालं की आज सांगायचंच, फॉर्मचं, नळाचं, सगळं. वाक्य जुळवत होते. सायलीने नाव लिहिलं, वय लिहिलं. मग तिने विचारलं, "मावशी, लिहिता-वाचता येतं तुम्हाला?"

"येता गो. चौथीपर्यंत शिकलंय," तारामावशी म्हणाली. मग माझ्याकडे हनुवटी करून, जसं काही कालचंच सांगावं तसं, "हिणा त्या वर्सा माझ्या घराफुडे 'बंद' लिवल्यान, ताय वाचलंय. हंयच बसान लिवत होती."

मी कशीबशी म्हणाले, "मावशी, त्या कागदामुळेच तुझो नळ रवलो."

"ता पण म्हाईत आसा."

"मगे तेव्हा बोलाक नाय कित्याक?"

तिच्या आवाजात राग नव्हता. "तू माका इचारलंस खंय?" ती म्हणाली, आणि खुर्चीतून वाकून तिने माझ्या कपात चहा ओतला.